आबांची खोली लावताना

सातारा जिल्ह्यातलं आमचं गावाकडचं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा माडीवरची रस्त्याकडची खोली आबांच्या नावाने ठेवायची हे वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, जंगी पलटणीतून, इटलीत लढले. खोली लावायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात फौजेचं कुणाला नवल नाही. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा ठिकाणी खोली लावायची तर बघायला येणारा प्रत्येक माणूस जाणकार असणार, हे मनाशी धरूनच सुरुवात केली.

घराचं काम बघणाऱ्या सजावटकारांनी 'मिलिटरी थीम'चे फोटो पाठवले. चट्ट्यापट्ट्यांचा वॉलपेपर, भिंतीवर खोट्या रायफली, रणगाड्याच्या आकाराची उशी. लहान मुलाच्या खोलीत हे शोभलंही असतं. पण आबांनी असला कपडा कधी अंगावर घातलाच नव्हता. त्यांच्या वेळी हिंदी पायदळाला उन्हाळ्यात खाकी ड्रिल आणि इटलीच्या हिवाळ्यात जाड लोकरीचा बॅटलड्रेस असायचा. एकदा हे मान्य केलं की अर्धी खोली आपोआप ठरते: रंग खाकी, लोकर आणि लोखंड, बाकी काही नको.

पण त्याच्याही आधी कागद. कुणाला घरातल्या फौजी माणसाची आठवण अशी मांडायची असेल, तर माझं सांगणं एवढंच की बाजारात जाण्याआधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. आमच्याकडे ते देवघराच्या फडताळात पोथ्यांखाली होतं. नंबर, भरतीची तारीख, पलटण, कोणत्या मुलखात सेवा झाली, कोणती पदकं मंजूर झाली, सगळं त्यात होतं. आबांची सही रोमन लिपीत होती. गावात चार यत्ता मराठी शिकलेला माणूस इंग्रजी अक्षरांत सही करतो याचं वडिलांना लहानपणापासून कोडं होतं. त्या वेळच्या फौजेत जवानांना हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीतून शिकवत. आबांची अक्षरओळख तिथली. त्या पानाची मोठी प्रत काढून दारासमोरच लावली आहे. मूळ पुस्तक कपाटात, आम्लमुक्त कागदात गुंडाळलेलं.

भिंतीचा रंग हे सगळ्यात किचकट काम निघालं. जुन्या बराकीत असतो तसा खाली गडद पट्टा, वर पांढरट रंग, मध्ये एक बारीक काळी रेघ, असं ठरवलं. पण शेडकार्डावरची खाकी ट्यूबलाइटखाली हिरवट दिसायची आणि पिवळ्या बल्बखाली थेट मोहरीसारखी. रंगारी काका खमके होते. त्यांनी आबांच्या पट्टीचा, म्हणजे पोटरीला गुंडाळायच्या पटिसाचा, एक तुकडा मागून घेतला आणि तो भिंतीला टेकवून टेकवून रंग कालवला. पिवळ्यात काळ्याचा थेंब, मग किंचित तांबडं. सकाळच्या उजेडात एकदा, दिवे लागल्यावर एकदा बघायचं. शेवटी पट्टी भिंतीवर ठेवली की कडा शोधावी लागेल इतका रंग जुळला. ट्यूबलाइट काढून टाकली.

ट्रंकेला मात्र रंगाचं बोटही लावू दिलं नाही. काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव. नावातलं एक अक्षर गंजाने खाल्लं आहे. सुताराचं म्हणणं, नव्याने लिहून घेऊ. मी नको म्हटलं. सैल गंज मऊ ब्रशने झाडला, कोरड्या फडक्याने पुसली, खाली लाकडी पट्ट्या टाकून जमिनीपासून उचलली, बस्स. आतल्या लोकरी ब्लँकेटला कसर लागली होती. उन्हात घालून, झटकून, कडुनिंबाचा पाला आणि लवंगा घालून सुती कापडात बांधलं. ते लोखंडी खाटेवर पसरतो ते फक्त कुणी बघायला आलं तर.

पदकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरोघरी त्यांची नासाडी मी पाहिली आहे. आबांची तीन: १९३९-४५ स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल. दोन्ही स्टार सहा टोकांचे, पिवळसर धातूचे. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे उभे पट्टे आहेत, इटलीच्या झेंड्याचेच रंग. ही पदकं चिंचेने किंवा पितांबरीने घासायची नाहीत. झिलई जाते, कोरीव काम बोथट होतं, आणि ओल लागली तर फितीचा रंग उतरतो. फितीचा खरा शत्रू ऊन. म्हणून फ्रेम पूर्वेच्या खिडकीसमोर न लावता आतल्या भिंतीवर लावली, काच अतिनील किरण अडवणारी घेतली आणि पदकं चिकटवण्याऐवजी दोऱ्याने टाचून घेतली.

समोरच्या भिंतीवर इटलीचा नकाशा आहे. आबांची बटालियन जिच्यात होती ती आठवी हिंदी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या तारांतो बंदरात उतरली. मग सांग्रो नदी, पुढच्या मे महिन्यात कासिनोजवळची गारी नदी, फ्लॉरेन्स, आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ. नद्याच नद्या. प्रत्येक नदीच्या पलीकडच्या काठावर जर्मन मशीनगनी. सेनिओवर ९ एप्रिलला आबांच्याच बटालियनचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून मागे आणलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे तायबर खोऱ्यात असेच एकटे ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांचा देह मिळाला नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. या दोन ठिकाणी मी लाल टाचण्या लावल्या. आबांच्या पत्रांवरून त्यांचा मार्ग लावायचा प्रयत्न केला तर काहीच हाती लागेना, कारण फील्ड पोस्टाच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, शिक्क्यावर फक्त नंबर, गावाचं नाव नाही, आणि आत ठिकाण लिहायला बंदी. थंडी फार आहे, बैलाचं काय झालं, एवढंच. मार्ग जुळवला तो डिव्हिजनच्या इतिहासावरून.

खोलीत काही वस्तू बाहेरून आणाव्या लागल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी धीराने फिरलं तर एनॅमलचा मग, मेसटिन म्हणजे जवानाचा जेवणाचा डबा, पेट्रोल-पाण्याचा पत्र्याचा जेरीकॅन मिळून जातो. जेरीकॅन मूळ जर्मनांचा. दोस्त सैन्याने तो उचलला, म्हणून नावात 'जेरी', इंग्रज सैनिकांनी जर्मनांना ठेवलेलं टोपणनाव. तिथेच एकाने स्वस्तिकाचं जर्मन हेल्मेट काढून दाखवलं. मी हातही लावला नाही. ज्यांच्याशी आबा लढले त्यांचं चिन्ह त्यांच्या खोलीत शोभेला ठेवणं मला पटत नाही. गोळी शाबूत असलेलं काडतूसही घ्यायचं नाही. परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आणि एक पदक होतं, पहिल्या महायुद्धाचं, चांदीचं. कडेवर जवानाचा नंबर, नाव आणि मराठा पलटणीचं नाव कोरलेलं. माझ्या भिंतीवर ते सुरेख दिसलं असतं. पण ते कुणाच्या तरी आबांचं. कडेचा फोटो काढून घेतला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन दाखवला. त्या आडनावाचं घर कुणाच्या माहितीत असेल तर पदक परत जावं एवढीच इच्छा आहे.

खाटेच्या वर एक चित्र लावलं आहे, ते बघून सगळे थबकतात: इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमावेरा'ची छापील प्रत. युद्धाच्या खोलीत फुलं नि नाचणाऱ्या बायका कशाला, असं आत्याने विचारलंच. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळच्या मोंतेगुफोनीच्या वाड्यात आठव्या डिव्हिजनचे हिंदी जवान पोचले, तेव्हा उफीझी संग्रहालयाची चित्रं तिथे लपवून ठेवलेली होती. त्यांत मूळ 'प्रिमावेरा' होतं. आपल्या जवानांनी त्या वाड्यावर पहारा दिला. हे ऐकल्यावर आत्याने स्वतः फ्रेम पुसली.

आत्याशी खरा वाद झाला तो आजीच्या तारेवरून. वाकवलेल्या तारेत ओवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, आबांच्या पगारातून घरी आलेल्या पैशांच्या, प्रत्येकीवर आजीचा अंगठा. आत्याचं म्हणणं, ती घरखर्चाची गोष्ट, ती स्वयंपाकघरात राहू दे. माझं म्हणणं, आबा सांग्रोच्या चिखलात होते तेव्हा इकडे कापड नि रॉकेल मिळेनासं झालं होतं, धान्य मोजून मिळत होतं, आणि दोन लेकरं नि बैल सांभाळणारी आजी ते युद्ध इथे काढत होती. वडिलांनी माझी बाजू घेतली. तार पदकांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर लावली. धूळ बसू नये म्हणून वर काचेची पेटी करून घेतली.

आता पत्रं स्कॅन करायची राहिली आहेत. शाई फिकी झाली आहे आणि घड्यांवर कागद फाटू लागला आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी ते उरकायचं आहे. गावातली भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी धावून आली की वर येतात आणि नकाशासमोर उभी राहतात. त्यांच्यातल्या दोघांनी त्यांच्या घरची डिस्चार्ज बुकं आणून दिली आहेत, तीही पत्रांबरोबरच स्कॅन करणार आहे.