पाटीवरचा 'ए'

माझं अक्षर सुरेख आहे, असा नववीत माझा समज होता आणि दुर्दैवाने मुख्याध्यापकांचाही होता. म्हणून १९७४ साली विद्यार्थी भांडाराची नवी पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. फुलस्केपचे दस्ते, टाकाच्या निबा, कंपासपेट्या, खोडरबर आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पाठीवर चढलेली पोरं. पत्र्याला निळा ऑइलपेंट दिला, वर पांढरी अक्षरं. 'विद्यार्थी भांडार' झोकात उतरलं. त्याखाली इंग्रजीत 'स्टेशनरी'.

इंग्रजीच्या बाई तिथून जाताना थांबल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"आपलं भांडार जागचं हलत नाही, हे दिसतंच आहे. त्याला पाटी कशाला?"

"बाई, स्टेशनरीच लिहिलंय."

"मी कुठे नाही म्हणते?"

खरी गोम इथेच आहे. देवनागरीत हे दोन्ही शब्द डोळ्यांना एकच. इंग्रजीत मात्र एननंतर 'ए' आला की अर्थ होतो स्थिर, जागच्या जागी उभं. 'ई' आला की कागद, शाई, वह्या. बोलताना बहुतेक जण दोन्ही सारखेच उच्चारतात, त्यामुळे कानांचीही मदत नाही.

एका अक्षराने काय बिघडतं, असं मी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, "सुत म्हणजे तू, आणि सूत चरख्यावरचं. यातलं काततात कुठलं, ते आईला विचारून ये." मी गप्प. तसाही आम्हा इंदूरच्या मुलांचा ऱ्हस्व-दीर्घाशी जुना वैराचा संबंध. हिंदीच्या तासाला 'कवि' ऱ्हस्व, पुढच्याच तासाला मराठीत 'कवी' दीर्घ. मार्क दोन्हीकडे कापले जात.

शिक्षा म्हणून बाईंनी मला खजुरी बाजारात पाठवलं. तिथल्या पाट्या वाचायच्या आणि वहीत मांडून आणायच्या. राजवाड्याला लागून असलेल्या त्या बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांची रांगच रांग. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक दुकानासमोर मान वर करून उभा. "क्या चिये भिया?" असं दर दुकानातून विचारणं होई. काही नको, फक्त तुमचा एक स्वर बघतोय, हे कसं सांगणार? ११ पाट्या मिळाल्या. ७ ठिकाणी 'ई', ४ ठिकाणी 'ए'.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, "बाई, चार दुकानदार माझ्या बाजूचे आहेत."

"मी तुला मतं मोजायला पाठवलं नव्हतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचा पत्राचा लिफाफा उचलून दाखवला. एन्व्हलपचा पहिला 'ई', तोच कागदाच्या दुकानाचा. आणि अचल लिहिताना इंग्रजीत पहिला 'ए', तो न हलणाऱ्याचा. दुपारी टर्पेंटाइनचं बोळकं घेऊन मी पाटीवर चढलो.

पुढे होळकर सायन्स कॉलेजात ट्यूनिंग फोर्कला बांधलेली दोरी बघितली. दोरी नुसती थरथरत होती, पण काही बिंदू अगदी निश्चल. लाट पुढे सरकतच नव्हती. सरांनी फळ्यावर या लाटांचं इंग्रजी नाव, 'स्टेशनरी वेव्हज', लिहिलं, तेव्हा माझी नजर आधी एननंतरच्या अक्षरावर गेली. 'ए' होता. हायसं वाटलं.

पण बाईंना एक गोष्ट सांगायची राहून गेली, कारण मला ती नोकरीत असताना, फार उशिरा, एका मोठ्या शब्दकोशात सापडली. हे दोन शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं विकणारे बरेचसे फेरीवालेच. विद्यापीठाच्या आसपास जो एका जागी ठिय्या मांडून बसे, त्याला लॅटिनमध्ये 'उभ्या जागेचा' अशा अर्थाचं नाव पडलं. त्यावरून इंग्रजीत 'स्टेशनर'. लंडनमधल्या या मंडळींच्या संघाला १५५७ साली राजसनदही मिळाली. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. आणि त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी जो धातू, तोच आपल्या 'स्था'चा भाऊबंद. स्थिर, स्थान, स्थावर सगळे त्याच घरातले. म्हणजे आपलं भांडार जागचं हलत नाही, हे मी पाटीवर लिहिलं त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. बाईंनी ही पळवाट मान्य केली असती का? छे.

या स्मरणिकेच्या जाहिरातींची प्रुफं तपासायला माझ्याकडे आली. खजुरी बाजारातल्या एका दुकानाच्या जाहिरातीत 'ए' दिसला. मी लाल खूण केली आणि खात्रीसाठी दुकानदाराला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अरे भिया, बाप के जमाने से दुकान यहीं है, बोर्ड भी वही है. हिला ही नहीं, तो अब क्यों हिलाना?"

मी लाल खूण खोडून टाकली.