प्रमाणपत्र नसलेल्या कुत्रीसाठी पाच दिवसांचे घर

माझ्या मुलीच्या लग्नासाठी धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याहून इंदूरला येणार होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. अमेरिकेत नोकरीला असताना त्याला हेजल नावाची प्रशिक्षित लॅब्रडॉर कुत्री मिळाली आणि दोन वर्षांपूर्वी तो कायमचा परतला तेव्हा ती त्याच्याबरोबरच आली. दाराची घंटा, गजर, धुराचा भोंगा किंवा त्याच्या नावाची हाक ऐकू आली की ती त्याला नाकाने ढोसते आणि आवाजाच्या जागेपर्यंत घेऊन जाते. रामबागेतले आमचे घर पाहुण्यांनी भरले होते, शिवाय सासूबाईंना दमा आहे, म्हणून विजयनगर भागात पाच दिवसांसाठी एक फ्लॅट घ्यायचे ठरले आणि बुकिंगचे काम मी हौसेने अंगावर घेतले.

घर शोधण्यात एक संध्याकाळ गेली. पुढचे नऊ दिवस एका शब्दापायी गेले, आणि तो शब्द मीच लिहिला होता.

संकेतस्थळावर पाहुण्यांच्या संख्येखाली पाळीव प्राण्यांचा रकाना होता. त्यात एक आकडा भरताच भाड्यात 1,500 रुपये वाढले. त्याच संकेतस्थळाच्या नियमांत मात्र सेवा देणारा प्राणी पाळीव धरला जात नाही व त्याचे शुल्क लागत नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. पैसे भरून टाकावेत आणि मग मदत कक्षाला कळवावे, असा शहाणपणा मी केला, आणि कळवताना हेजलचा उल्लेख ‘सपोर्ट डॉग’ असा केला. आधार देणारी ती आहेच, मग त्यात काय चुकले, असे मला तेव्हा वाटत होते.

चूक अशी होती की या व्यवहारात ‘सपोर्ट’ म्हणजे ज्याच्या नुसत्या सोबतीने माणसाच्या मनाला धीर येतो असा प्राणी, आणि ‘सर्व्हिस’ म्हणजे अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम शिकवलेला प्राणी. हा भेद अमेरिकेच्या 1990 च्या अपंगत्व कायद्याखालील नियमांतून आलेला आहे. 2011 पासून लागू असलेल्या त्या नियमांनुसार सेवा देणारा प्राणी म्हणजे प्रशिक्षित कुत्राच (लहान जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, हे ऐकून सासूबाई दमा विसरून हसल्या), आणि केवळ सोबतीने धीर देणारा कुत्रा त्यात बसत नाही. माझी तक्रार त्यामुळे पहिल्याच दिवशी भलत्या खणात पडली. ‘भावनिक आधाराच्या प्राण्यास शुल्क लागू आहे’ असे ठरीव उत्तर आले. मी खुलासा केला, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिले आणि कुत्रीचे सरकारी प्रमाणपत्र मागितले. तिसऱ्याने भाच्याचे यूडीआयडी कार्ड मागितले, ते पाठवल्यावर चौथ्याने कळवले की या कार्डावर कुत्रीचा उल्लेख नाही. तो असणार कसा? ते कार्ड माणसाच्या अपंगत्वाचे असते. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सारे सांगताना माझा तोल जात होता आणि एका रात्री मी जे लिहिले ते इथे देण्यासारखे नाही. त्याचा उपयोगही झाला नाही.

शेवटी भाच्याने संदेश पाठवला, ‘मावशी, तू भांडू नकोस, फक्त दोन वाक्ये लिही.’ अमेरिकेत दुकानदार किंवा हॉटेलवाला दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सेवा-प्राणी आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागदपत्रे मागता येत नाहीत, काम करून दाखवा असेही म्हणता येत नाही. तो कायदा इंदुरात चालत नाही हे खरे, पण त्या दोन प्रश्नांची नेमकी उत्तरे लिहून पाठवताच नवव्या दिवशी शुल्क रद्द झाल्याचे कळवण्यात आले. कुणालाही असे बुकिंग करायचे असेल तर कुत्रा किती गुणी आहे हे लिहू नये, तो काय करतो ते लिहावे. पैसे भरण्यापूर्वी घरमालकाशी बोलावे, हेही मी उशिरा शिकले. आमच्या मालकीणबाई एका फोनवर कबूल झाल्या होत्या.

त्या कबूल झाल्या तरी सोसायटीचे सचिव झाले नाहीत. भाचा धुळ्यामार्गे दिवसभर गाडी चालवून आला आणि फाटकातच अडवला गेला. “हमारा इंदौर सफाई में नंबर वन है, मॅडम,” असे त्यांनी मला ऐकवले. 2017 पासूनचा तो मान मलाही प्रिय आहे, पण पिशवी आणि खुरपे घेऊन फिरणाऱ्या भाच्याला तो ऐकवण्याचे कारण नव्हते. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही व त्यांना लिफ्टही नाकारता येत नाही, हे मी सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले की ते रहिवाशांसाठी आहे, पाच दिवसांच्या भाडेकऱ्यांसाठी नाही. मी 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या वाजवी सोयीच्या तरतुदीवर आले, तर त्यांनी समितीची बैठक रविवारी असते असे सांगितले. तो मंगळवार होता आणि गुरुवारी सीमांतपूजन होते. तास-दीड तासाने, रेबीजच्या लशीचा कागद पाहून आणि सामानाची लिफ्ट वापरण्याचे माझ्याकडून लिहून घेऊन त्यांनी आत सोडले. मी सही केली. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही.

राहून गेले ते असे, की फ्लॅटची घंटा चालते का हे आधी विचारावे. आमच्या फ्लॅटची बंद होती, आणि घंटेवर शिकलेली हेजल कडी वाजवल्यावर पहिल्या दिवशी गोंधळली. भाच्याने दुपारी राजवाड्याजवळून बिनतारी घंटा आणून बसवली.

1,500 रुपये लग्नानंतर अकरा दिवसांनी परत आले. त्यावर आकारलेले 210 रुपयांचे सेवाशुल्क आलेले नाही, आणि त्याच्या तक्रारीला उत्तर देणाऱ्या नव्या माणसाने काल मला कुत्रीचे प्रमाणपत्र मागितले आहे.