तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या ट्रस रॉडला मी हात का लावत नाही

ट्रस रॉड म्हणजे बास गिटारच्या नेकच्या, म्हणजे लांब मानेच्या, आतली लोखंडी सळई. तिच्याबद्दलचा प्रश्न दर वेळी वेगळ्या शब्दांत येतो, मुद्दा तोच असतो. "ट्रस रॉडला घाबरू नका, शिकून घ्या, असं तुम्हीच सांगता. मग आम्ही बास घेऊन आलो की ऍक्शन (तारांची उंची) लावून देता, इंटोनेशन (वर-खाली सगळीकडे सूर बरोबर) करून देता, आणि रॉडची वेळ आली की हात मागे घेता. का?" काही जण सहज विचारतात. काहींना वाटतं मी भाव खाते. मागे एकाने तर तोंडावर सुनावलं, की ज्याला स्वतःला जमत नाही त्याने इतरांना शिकवायला जाऊ नये. ते लागलं. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

जमतं मला. माझे दोन बास आहेत, दोन्हींचे रॉड मीच फिरवते, हवा बदलली की वर्षातून तीन-चारदा. आधी तारा सुरात लावायच्या. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर, कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप), नेक बॉडीला मिळते तिथे बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड ई तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी). फट ०.३ ते ०.३५ मिमीच्या आसपास आली की मी थांबते. जास्त असेल तर पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही, आणि मग बास ठेवून द्यायचा. लाकडाला वेळ लागतो. चार तारा मिळून नेकला ७५-८० किलोच्या आसपास ओढत असतात आणि आतली ती एक सळई त्यांना तोलून धरते. एवढंच तिचं काम. तारा खाली आणायला सॅडल (बॉडीवरचे तारांचे टेकू) आहेत, रॉड नाही. हे मी शंभरदा सांगितलंय आणि अजून शंभरदा सांगेन.

हे सगळं मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे. खरं म्हणजे अर्धं माहीत होतं.

ज्याच्याकडून मी बास शिकले त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. तो दोन महिने बाहेर जाणार होता, आणि जाताना त्याचा बास माझ्याकडे ठेवून गेला. फेंडरच्या प्रिसिजन बासच्या घाटाचा, जुन्या पद्धतीचा, म्हणजे ट्रस रॉड फिरवायचा नट हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) नाही, नेकच्या दुसऱ्या टोकाला, बॉडीच्या आत. त्याच्यावर फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा होत्या, नऊ वर्षं न बदललेल्या. ज्यांनी फ्लॅटवाउंड वाजवल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. नव्या असतात तेव्हा त्यांच्यातही थोडी चमक असते. ती वर्षानुवर्षं बोटांखाली मरत जाते आणि मग स्वर असा येतो की ठोका आधी लागतो आणि सूर त्याच्या मागून उमलतो. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्ड्सवर बासवादक जेम्स जेमर्सनचा १९६२चा प्रिसिजन ऐका. तोही जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. दादाला तोच स्वर हवा होता आणि नऊ वर्षांत तो जवळपास तिथे पोचला होता.

मला तेव्हा त्याचं काही नव्हतं. ऍक्शन उंच, तारा ताठ, माझी बोटं दुखायची. आठ दिवसांत मी त्या तारा काढल्या आणि हलक्या राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या, खरबरीत) चढवल्या. काढल्या म्हणजे कापल्या. ट्यूनरवरून उलगडत बसायचा कंटाळा आला, म्हणून चारही तारा मधोमध कटरने कापल्या. ई तार कापताना बासची अख्खी बॉडी मांडीवर हादरली होती, ते अजून आठवतं.

हलक्या तारांचा ताण कमी. समोरची ओढ कमी झाली, रॉड मात्र आधीच्या ताठ तारांच्या हिशोबाने घट्ट होता, तेव्हा नेक मागे झुकली आणि पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर खरखर सुरू झाली. आज हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा मी आधी पेडलबोर्डवर, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पेडलमध्ये, शोधत बसले. कॉम्प्रेसर वाढवला, की सूर भरेल आणि खरखर झाकली जाईल. झालं उलटंच. कॉम्प्रेसर मोठा ठोका दाबतो आणि मग सगळं एकत्र वर उचलतो, म्हणजे सुराच्या शेपटीतली खरखरही वर येते. मग बासवरचा टोनचा नॉब बंद करून पाहिला. खरखर जरा दबली, पण स्वरही चिखलात गेला.

शेवटी रॉड. नेक मागे गेलीय म्हणजे रॉड सैल करायचा, इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं होतं. चुकले ते दिशेत. माझ्या स्वतःच्या बासचा नट हेडस्टॉकला होता. हा दुसऱ्या टोकाला, म्हणजे इकडून बघताना दिशा उलटी होणार, असा मी विचार केला. कागदावर बाण काढून स्वतःला पटवूनही दिलं. तसं नसतं. नट कुठल्याही टोकाला असो, त्याच्याकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की तो घट्टच होतो, बाटलीचं झाकण कुठूनही धरलं तरी तसंच लागतं.

मी सैल करतेय असं समजून घट्ट करत गेले. तारा ढिल्या करायच्या, चार स्क्रू काढायचे, नेक उचलायची, नट फिरवायचा, सगळं परत बसवायचं, सुरात लावायचं. खरखर वाढलेली. मला वाटलं कमी पडलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला नट हलेना. जुना बास, गंजला असेल, असं वाटलं. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर दिला.

टक्. फार मोठा आवाज नव्हता. नट एकदम मोकळा फिरायला लागला. मी खूश झाले. जाम सुटला, असं वाटलं मला.

नेक बसवली, तारा लावल्या, आणि खरखर गेली होती. पूर्ण गेली होती. त्या रात्री मी दोन तास वाजवत बसले. आपल्याला आता सेटअप जमतो, याचा केवढा आनंद झाला होता. सकाळी बास हातात घेतला तर बाराव्या फ्रेटवर तार चार मिमीच्या वर गेलेली. आत धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. नेक रात्रभर तारांच्या ओढीने धनुष्यासारखी वाकत होती आणि मी शेजारच्या खोलीत झोपले होते.

दादा आल्यावर सगळं सांगितलं. तो नेक उचलून बघत राहिला, नट बोटाने फिरवला, "रॉड गेला," एवढंच म्हणाला. नवी नेक मिळते, चार स्क्रूंचा तर प्रश्न आहे, हेही तोच म्हणाला. मग विचारलं, "माझ्या तारा कुठेत?" मी पिशवीतून कापलेले तुकडे काढून दिले. कुठला तुकडा कुठल्या तारेचा हे तो जाडीवरून लावत बसला, आठ तुकडे, चार जोड्या. म्हणाला, "नेक आणू गं. ह्या कुठून आणायच्या?"

तर हे उत्तर आहे. आता तुमच्यातले काही जण म्हणतील, ती चूक दिशेची होती, दिशा आता माहीत आहे, मग भीती कसली? मीही स्वतःला हेच म्हणते. तेव्हाच्या माझ्याशी भांडायला गेले की तीच मला गप्प करते. तिने मोजलं नव्हतं हे खरं, पण विचार केला होता. बाण काढले होते. आज मी मोजते, पण तुमच्या बासच्या आत ती सळई कुठल्या अवस्थेत आहे, आधी कुणी किती पिळलीय, हे मला बाहेरून दिसत नाही. माझ्या दोन बासचे नट मी ओळखते. पाव फेऱ्याला किती जोर लागतो हे माझ्या मनगटाला पाठ आहे. तुमचा जड लागला, तर तो तसाच असतो की शेवटाला आलाय, हे तुम्हालाच कळणार. म्हणूनच म्हणते, तुम्ही शिका. यात कुठे विसंगती आहे असं मला वाटत नाही. कधीकधी वाटतंही. एक मुलगी खूप लांबून बास घेऊन आली होती, तिचा अर्ध्या फेऱ्याचा प्रश्न होता, आणि मी तिला समोर बसवून तिच्याच हाताने करायला लावलं. तिचे हात थरथरत होते. ते तिच्या भल्यासाठी केलं की माझ्या, हे मी सांगू शकत नाही.

दादाच्या बासवर नवी नेक बसली, नव्या फ्लॅटवाउंड लागल्या. त्याला आता सहा वर्षं झाली. तारांची चमक गेलीय, ठोका जड व्हायला लागलाय. गेल्या आठवड्यात तो बास माझ्याकडे ठेवून गेला. "ऍक्शन वर गेलीय, बघ जरा. रॉड तूच फिरव, मी दुसऱ्या कुणाकडे देत नाही."

तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा ०.५५ मिमी. पाव फेऱ्याचं काम आहे, घड्याळाच्या दिशेने. त्यासाठी त्या चार तारा ढिल्या कराव्या लागतील आणि नेक काढावी लागेल. आकडा कागदावर लिहून केसमध्ये ठेवलाय. स्क्रू ड्रायव्हर अजून खणातच आहे.