इंदूर ते अहमदपूर : सहाशे पोती बियाणे, बंद घाट आणि भिजलेली थप्पी

मृगाच्या तोंडावर आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने इंदूरहून सोयाबीनच्या बियाण्याची ६०० पोती लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला आणली आणि संचालक मंडळाच्या वतीने मी त्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून संपूर्ण प्रवास केला. पोते ३० किलोचे, म्हणजे एकूण माल १८ टन. किंमत १६ लाख २० हजार रुपये आणि ठरलेले भाडे ४४,००० रुपये. सोमवारी संध्याकाळी भरलेली गाडी मंगळवारी रात्री दारात उभी राहील, असे ट्रान्सपोर्टच्या दलालाने छातीठोकपणे सांगितले होते. ती गुरुवारी सकाळी पोहोचली आणि त्यातील ४३ पोती भिजलेली होती. बियाण्याची निवड, विक्रीचा परवाना आणि पोत्यावरचे प्रमाणित बियाण्याचे निळे टॅग तपासणे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठीच मी हे लिहीत आहे. माल ट्रकमध्ये चढल्यानंतर काय बिघडू शकते, हे मात्र मलाही त्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हते.

नुकसानीची सुरुवात रस्त्यावर नव्हे, तर गोदामाच्या दारातच झाली. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि अंकुर सालीच्या अगदी लगत असतो, त्यामुळे पोते उंचावरून आदळले की दाणा वरून धडधाकट दिसतो, पण उगवत नाही. हमाल पाठीवरचे पोते थेट ट्रकच्या फळीवर टाकत होते. मी आक्षेप घेतला तेव्हा निम्मी गाडी भरून झाली होती. घरी आल्यावर खालच्या थरातील कोरड्या पोत्यांमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले तर ६३ उगवले. वरच्या थरातले, म्हणजे माझ्या आक्षेपानंतर हातांनी ठेवलेल्या पोत्यांतले, ७७ उगवले. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के आहे. हमालीचे दोन रुपये जास्त द्यावेत, पण पहिले पोते चढण्यापूर्वी फळीजवळ स्वतः उभे राहावे. ही हानी विम्यातून भरून मिळणे कठीण, कारण कागदावर पोते शाबूत असते.

इंदूर-धुळे रस्त्यावरच्या गणपती घाटाचा उतार ब्रेक निकामी होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आमच्या चालकाने तो खालच्या गिअरमध्ये अत्यंत सावकाश उतरवला. सेंधव्यापासून धुळ्यापर्यंतचा रस्ता उत्तम आहे. खरा प्रसंग चाळीसगावला उभा राहिला.

धुळ्याहून संभाजीनगरकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हा कन्नडचा औट्रम घाट चढून येतो, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ११ ऑगस्ट २०२३ पासून त्या घाटात जड वाहनांना बंदी घालण्यात आली. दलालाने भाडे आणि वेळ दोन्ही त्याच घाटाच्या हिशेबाने सांगितले होते. चाळीसगावच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन चालक मला म्हणाला, "दादा, दहा चाकी घाटातून सोडत नाहीत, हे शेठला पहिल्यापासून माहीत होतं. नांदगाववरून जावं लागतंय." त्यानंतर दलालाचा फोन आला की फेरा पडतो आहे, तेव्हा ७,५०० रुपये वाढवून द्या, अन्यथा गाडी इथेच थांबेल. बंदी त्याला भाडे ठरवतानाच ठाऊक असताना पैसे रस्त्यात मागणे ही माझ्या मते सरळसरळ अडवणूक आहे, आणि पेरणी तोंडावर आलेला शेतकरी नकार देऊ शकत नाही हे तिच्यामागचे गणित आहे. मी रात्रभर नकार दिला, सकाळी ४,००० रुपयांवर तोडगा काढला आणि त्या हट्टापायी अर्धा दिवस गमावला. आता वाटते की पैसे तेव्हाच देऊन गाडी हलवली असती तर पावसाने गाठले नसते.

नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी असा तो फेरा आहे. घाटातली सगळी जड वाहतूक तिकडे वळल्यामुळे ट्रकमागे ट्रक रेंगाळत होते, कडांना खड्डे होते आणि साइडपट्टीवर उतरावे तर चाक रुतण्याची भीती होती. इतका थकवणारा टप्पा मी मराठवाड्यात दुसरा पाहिलेला नाही. भाडे ठरवण्यापूर्वी बंदी त्या दिवशी लागू आहे की नाही याची चौकशी कन्नड किंवा चाळीसगावच्या ओळखीच्या माणसाकडे करावी, आणि मार्गाचे नाव बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर, गावांसह लिहून घ्यावे, म्हणजे "फेरा पडला" हे कारण पुढे करता येत नाही.

शिऊर बंगल्याच्या अलीकडे वळवाचा पाऊस आला. गाडीवर दोन ताडपत्र्या होत्या आणि त्यांचा जोड उलटा टाकलेला होता, म्हणजे मागची ताडपत्री पुढच्या ताडपत्रीवर चढवलेली होती. गाडी पुढे जात असताना वारा समोरून येतो आणि पाणी नेमके त्या फटीत ढकलतो. कौले जशी एकावर एक चढवतात तशी पुढची ताडपत्री मागच्या ताडपत्रीवर यायला हवी. त्यातच थप्पी मधोमध सपाट होती, त्यामुळे तिथे परातीएवढे पाणी साचले आणि शिवणीतून थेंब-थेंब झिरपत राहिले. मी टॉर्च घेऊन वर चढलो तेव्हा वरचे पोते हाताला गार लागले, आणि त्या क्षणी मला कळून चुकले की माझ्या खिशात असलेल्या विम्याच्या कागदाचा अर्थ मी कधीच वाचलेला नव्हता.

"माल इन्शुअर्ड आहे" एवढे ऐकून आम्ही निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ती पॉलिसी आग, वीज, टक्कर आणि गाडी उलटणे अशा ठरावीक घटनांपुरतीच होती. पावसाने भिजणे तिच्यात नव्हते. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात सर्व जोखमींचे कलम वेगळे असते, त्याला इन्लँड ट्रान्झिट क्लॉज ए म्हणतात, आणि तेही अपुऱ्या पॅकिंगमुळे किंवा केवळ उशिरामुळे झालेले नुकसान देत नाही. पावसाळ्यात माल आणणाऱ्याने ते कलम मागून घ्यावे, पॉलिसीवर मार्ग आणि गाडीचा क्रमांक नीट आहे का ते पाहावे, आणि नुकसान दिसताच विमा कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत पोती हलवू नयेत.

दुसरा धक्का बिल्टीचा होता. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार आणि त्याखालील नियमांनुसार, माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा वाढीव दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केलेले नसेल, तर हरवलेल्या किंवा खराब झालेल्या मालाबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. आमच्या बाबतीत ती मर्यादा ४ लाख ४० हजार होते. गाडी उलटून सारा माल गेला असता तर उरलेले ११ लाख ८० हजार सभासदांच्या डोक्यावर बसले असते. या वाढीव दरापोटी ट्रान्सपोर्टवाले थोडे जास्त भाडे मागतात. ते द्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या बिल्टीवर "मालकाच्या जोखमीवर" असा शिक्काही होता, परंतु तो मारल्याने निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही, आणि या कायद्याखाली निष्काळजीपणा सिद्ध करून देण्याचे ओझे माल पाठवणाऱ्यावर टाकलेले नाही. दावा लावण्यापूर्वी मात्र बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजू नये.

कागदांच्या बाबतीत एक गोष्ट सुरळीत गेली. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नसल्यामुळे ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन बिल, लागले नाही. पण धान्य म्हणून जाणाऱ्या सोयाबीनला कर आहे, त्यामुळे बिलावर "बियाणे" हा शब्द आणि लॉट क्रमांक ठळक असावेत, नाहीतर तपासणीत वाद होतो. करपात्र माल आणणाऱ्यांनी ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजावी, आणि वाटेत गाडी बदलल्यास नवा क्रमांक बिलात भरल्याशिवाय चाक हलू देऊ नये.

अहमदपूरला उतरवताना चालकाने नेहमीप्रमाणे पोच पावतीवर सही मागितली. मी पावतीवरच "४३ पोती भिजलेली, ताडपत्रीचा जोड उलटा" असे लिहिले, त्याखाली चालकाची सही घेतली, फोटो काढले आणि मगच माझी सही केली. कोरी सही दिली असती तर पुढचे सगळे बोलणे तिथेच संपले असते. त्या एका ओळीमुळे दलालाने बाकी भाड्यातून २०,००० रुपये सोडले. नुकसान १ लाख १६ हजार १०० रुपयांचे होते. भिजलेल्या पोत्यांतील बियाण्याला औषध लावलेले नव्हते, म्हणून ते वाळवून तेल गिरणीला निम्म्याहून कमी भावाने देता आले. औषध लावलेले बियाणे असते तर तोही मार्ग नव्हता. उरलेल्या पैशांसाठी आम्ही नोटीस दिली आहे, आणि पुढच्या वेळी गाडीवर तिसरी ताडपत्री आमची स्वतःची असेल.