तुम्ही विचारलंत म्हणून: उंचीवरचं काम, सर्टिफिकेट अन मेंबरशिप

दर महिन्याला दोन-चार फोन येतातच. कधी दारव्ह्याकडून, कधी आर्णीकडून, कधी आपल्याच गावच्या पोट्ट्याचा. प्रश्न ठरलेला असतो. "दादा, मी सहा वर्षांपासून टॉवर लाईनवर चढून राहिलो, मले भेव वाटत नाही, मंग हे सर्टिफिकेट कायले पाहिजे? अन एक जण म्हणते मेंबरशिप घे, मंग थेट बाहेर देशात लागते. घेऊ का?" फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होते, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आधी मेंबरशिपचं सांगतो, कारण पैसे तिथंच बुडून राहिले आहेत. रोप ॲक्सेस म्हणजे दोरावर लटकून करायचं काम, त्यात जगभर सगळ्यात जास्त चालणारं नाव इराटा. ही संस्था 1980 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये सुरू झाली, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर देखभालीची कामं करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन काढली. दोराचं तंत्र त्यांनी गुहांत उतरणाऱ्या लोकांकडून घेतलं अन कामाच्या जागी चालेल असं पक्कं केलं. आता नीट लक्षात घ्या, इराटाची मेंबर कंपनी असते. कंपनीचं ऑडिट होते, तिची उपकरणं, कागदपत्रं, कामाची पद्धत सगळं तपासतात, तेव्हा तिला मेंबर म्हणतात. परीक्षा पास झालो म्हणून तुम्ही-मी मेंबर होत नसतो, आपण टेक्निशियन होतो, आपल्याला आपला एक नंबर भेटते अन एक लॉगबुक भेटते. तो नंबर टाकून संस्थेच्या वेबसाईटवर कोणालाही तपासता येते की हा माणूस खरा आहे का अन याची मुदत कधी संपते. म्हणून परीक्षा न घेता कोणी तुम्हाला "मेंबरशिप कार्ड" देतो म्हणत असेल तर एक रुपया देऊ नका. आपल्या तालुक्यातल्या एका पोट्ट्यानं असं कार्ड घेतलं, छान लॅमिनेशन केलेलं, त्यावर फोटो, शिक्का सगळं, अन त्यावर नंबरच नव्हता. घरी तूर विकून आलेले पैसे होते ते. त्याला हे सांगताना मला फार जड गेलं.

आता मुख्य प्रश्न, चढता येते तर सर्टिफिकेट कशाला.

मी पण आधी टॉवर लाईनच्या गँगमध्येच होतो, खाली हेल्पर, नटबोल्ट मोजून बादलीत भरून वर पाठवायचं काम. माझा चुलतभाऊ वर फिटर. आमच्या पूर्ण गँगमध्ये त्याच्यासारखा चढणारा कोणी नव्हता, बाजूच्या राज्यात काम होतं, थंडीचे दिवस, सकाळी लोखंडावर दव राहते. क्रॉस आर्मवर, म्हणजे तारा धरणाऱ्या टॉवरच्या आडव्या हातावर, त्याचा पाय सरकला. हुक लावलेला होता म्हणून तो वाचला, हार्नेसनं, म्हणजे अंगाला बांधलेल्या सुरक्षेच्या पट्ट्यांनी, धरलं, खाली आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. पण तो जिथं लटकला तिथून त्याला ना वर येता येई ना बाजूला. अन आमच्यापैकी कोणालाच, एकालाही, त्याला खाली कसं आणायचं ते माहीत नव्हतं. दोघं जण चढून त्याच्याजवळ गेले, एकानं कॉलर धरली, दुसरा त्याच्याशी बोलत राहिला. मी खालून पाहून राहिलो होतो. आधी तो बोलत होता, "मले काही नाही झालं बे, दोर पाठवा", मग बोलणं कमी झालं, मग मान खाली गेली. शेवटी मटेरियल चढवायच्या पुलीचा दोर त्याच्या हार्नेसला बांधून कसंतरी खाली घेतलं, तोवर तो बेशुद्ध. वाचला तो, आता गावात किराणा चालवते, पण परत कधी टॉवरवर गेला नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं भेवानं चक्कर आली असेल. खरं कारण मला नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं. माणूस हार्नेसमध्ये न हलता लटकला की मांडीचे पट्टे आवळतात, पाय हलत नाहीत म्हणून रक्त पायातच साचत जाते, वर हृदयाला अन मेंदूला कमी पडते, अन हे मिनिटांत होते, तासांत नाही. हार्नेसनं पडणं थांबवलं म्हणजे काम अर्धंच झालं, त्या माणसाला लवकर खाली आणणं हे दुसरं अर्धं. माझ्या भावाच्या वेळी चढणारे पंधरा होते अन उतरवणारा एकही नव्हता.

म्हणून इराटाच्या परीक्षेत काय पाहतात ते सांगतो. कमीत कमी 4 दिवस ट्रेनिंग अन मग एक दिवस परीक्षा, अन परीक्षा घेणारा असेसर त्या ट्रेनिंगवाल्यांचा माणूस नसतो, बाहेरून येते. हे मला फार महत्त्वाचं वाटते, ज्यानं फी घेतली त्यानंच पास केलं तर त्या पास होण्याला काय किंमत. सगळं काम दोन दोरांवर, एक कामाचा अन एक सुरक्षेचा, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले, एक गेला तर दुसरा आहे. वर चढा, खाली या, चढता चढता मधेच उतरायला लागा, या दोरावरून त्या दोरावर जा, गाठ ओलांडा, कडा ओलांडा. कॅराबिनर, म्हणजे जोडायची लोखंडी कडी, लॉक केलं नाही अशा गोष्टीवर असेसरची नजर असते, अन जीव धोक्यात येईल अशी एक मोठी चूक झाली की तिथंच नापास, मग बाकीचं कितीही छान करा.

अन मग रेस्क्यू. अगदी लेव्हल 1, म्हणजे तीन पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवाल्यालासुद्धा. माझ्या परीक्षेत समोर दुसऱ्या दोरावर एक जण बेशुद्ध असल्यासारखा लटकला होता, ऐंशी किलोचा तरी असेल. त्याच्यापर्यंत जायचं, त्याला आपल्याशी जोडायचं, त्याचा भार घ्यायचा, मग त्याची एकेक जोडणी सोडवायची पण कोणत्याही क्षणी दोघांपैकी कोणीही एकाच गोष्टीवर लटकलेलं नको, मग डिसेंडरला, म्हणजे दोरावरून उतरायच्या उपकरणाला, एक कॅराबिनर जास्तीचं लावून घर्षण वाढवायचं कारण आता वजन दोघांचं आहे, अन हळूहळू खाली. हात कापत होते माझे. तो माणूस डोळे मिटून होता, त्याची मान माझ्या खांद्यावर आलेली, अन मला राहून राहून भावाचीच मान दिसत होती. जमिनीला पाय लागले तेव्हा असेसरनं काहीतरी लिहिलं अन पुढच्या पोट्ट्याला बोलावलं, मी बाजूला जाऊन रडलो.

बाकीचं थोडक्यात. वय 18 पाहिजे. टॉवरवर दहा वर्षं काढली असतील तरी सुरुवात लेव्हल 1 पासूनच. लेव्हल 1 वाल्यानं एकट्यानं काम करायचं नाही, साईटवर लेव्हल 3 चा सुपरवायझर पाहिजेच. लेव्हल 2 ला जायचं तर कमीत कमी 12 महिने अन दोरावरचे 1000 तास, तिथून 3 ला पुन्हा 12 महिने अन 1000 तास. सर्टिफिकेट 3 वर्षं चालते, मग परत परीक्षा.

हे तास लॉगबुकात लिहायचे अन साईटवरच्या लेव्हल 3 सुपरवायझरनं सही करायची. इथं मी कोणाचंच ऐकत नाही. माझा सख्खा भाचा, लेव्हल 1 झाला, सातशे तास झाले होते, म्हणे "मामा, तीनशे तास तू सही करून दे ना, तुह्याच साईटवर केले असं दाखवू." मी नाही म्हटलं. ताई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण ज्या दिवशी तो लेव्हल 3 म्हणून कोण्या बॉयलरच्या शटडाऊनला, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करतात तिथं, उभा राहीन अन खाली सहा पोट्टे त्याच्या भरवशावर लटकलेले असतील, त्या दिवशी ते तीनशे तास मी कुठून आणून देऊ? त्यानं नंतर आठ महिन्यांत ते तास खरोखर भरले.

पवनचक्कीत जायचं असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथं जीडब्ल्यूओ म्हणजे पवनचक्की कंपन्यांच्या जागतिक संस्थेचं ट्रेनिंग मागतात, उंचीवरच्या कामाचं त्यांचं मॉड्यूल 2 वर्षं चालते, अन त्याची नोंद विंडा नावाच्या त्यांच्या ऑनलाईन रेकॉर्डमध्ये होते. साताऱ्यात, धुळ्यात, गुजरातेत, तमिळनाडूत पवनचक्क्यांची कामं आहेत, आपले पोट्टे तिकडे जातात. इराटा असलं तरी पवनचक्कीवाले जीडब्ल्यूओ मागू शकतात, म्हणून आधी कुठं काम करायचं ते ठरवा, मग फी भरा. अन ज्यांना इथंच राहायचं आहे, महावितरणकडे, त्यांच्यासाठी लाईनच्या कामाला आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड हाच मुख्य रस्ता. काम हातानंच शिकलेल्यांसाठी सरकारची आरपीएल म्हणून सोय आहे, आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, ती विचारून ठेवा.

पैसे लागतात, खोटं कशाला बोलू. माझ्या वेळी बाबांनी सात क्विंटल कापूस विकला होता, अन तो कापूस माय अन दोन्ही बहिणींनी वेचलेला होता. म्हणून तर जीव तुटते कोणी फसला की. अन सर्टिफिकेट घेतलं की उद्या नोकरी, असं कोणी म्हणत असेल तर तेही खोटं आहे, मला पहिलं काम भेटायला पाच महिने लागले, तोवर मी वावरातच होतो.

फी भरायच्या आधी एवढं करा. ट्रेनिंग देणारी कंपनी मेंबर यादीत आहे का ते संस्थेच्याच वेबसाईटवर पाहा, त्यांनी पाठवलेल्या फोटोत नाही. असेसर कोण, कुठून येते ते विचारा. जो एजंट "परीक्षेचं टेन्शन नको घेऊ" म्हणते त्याचा फोन ठेवून द्या. अन तरी शंका असेल तर मला नाव पाठवा, मी पाहून सांगतो, फक्त रात्री आठनंतर फोन करा, दिवसा मी दोरावर असतो अन फोन खाली बॅगेत असते.