कॅमेरा विकला आणि खातं गोठलं

लग्नाच्या आधीपासून माझं ज्या बँकेत खातं आहे, तिथल्या साहेबांनी मला "मॅडम, मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो" असं सांगितलं. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा सूर कुठे तिखट लागला तर सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीची. बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, साखरपुडे असे घरगुती कार्यक्रम शूट करते. मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्यायचं ठरलं तेव्हा जुन्या निकॉन डी750 कॅमेऱ्याची बॉडी आणि 24-120ची लेन्स ऑनलाइन विकायला काढली. जाहिरात टाकताच जे व्हायचं ते झालं. "आर्मीवाले" आले, म्हणजे जवान असल्याचं सोंग घेणारे ठग. वर्दीतला फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, किमतीत घासाघीस अजिबात नाही, आणि लगेच एक क्यूआर कोड. "मॅडमजी, स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जायेगा." पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला काहीच लागत नाही, ना स्कॅन, ना पिन. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर 2025 पासून बंदच केली आहे, त्यामुळे या लोकांचा सगळा भर आता क्यूआरवर आहे. ब्लॉक करा आणि पुढे जा, त्यांच्याशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका.

मग खरा गिऱ्हाईक मिळाला. बदलापूरचा मुलगा, व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो, सोबत मामाला घेऊन आला. भेटायचं कुठे, तर मी मुद्दाम माझ्या बँकेची शाखा सांगितली होती. आत सीसीटीव्ही असतो, वर्दळ असते आणि पैसे आले की नाही ते तिथल्या तिथे कळतं. हे ध्यानात ठेवा, पुढे याची गंमत येणार आहे. मुलगा तयारीचा होता. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी बघितली (आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेली लेन्स चार महिन्यांत जाळी धरते), माझ्याच कार्डावर फोटो काढून लॅपटॉपवर शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलं तो आकडा, काढला. चौऱ्याऐंशी हजार. या बॉडीचं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा असतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो असा सहज मिळत नाही, तेव्हा कॅनन घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

58,000 रुपये त्याने स्वतःच्या यूपीआयवरून दिले. नाव आधारवरच्या नावाशी जुळत होतं. मी माझ्या बँकेच्या ॲपमध्ये जमा बघितली, मगच बॅग त्याच्या हातात दिली. आणि पावती केली. दोन प्रती, बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर, रक्कम, यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक), "वापरलेली वस्तू, तपासून घेतली", दोघांच्या सह्या. मामा हसून म्हणाले, "ताई, सातबारा पण लावताय का?" मीही हसले. घरी आल्यावर पावती मूळ बिलाच्या फाइलमध्ये लावली.

पुढे काही आठवड्यांनी किराणा दुकानात पैसे जाईनात. सर्व्हर डाऊन असेल म्हणून रोख दिले. संध्याकाळी घराच्या कर्जाचा हप्ता परत गेल्याचा मेसेज आला. ॲपमध्ये शिल्लक पुरेशी दिसत होती, पण खात्यातून रुपयाही बाहेर जात नव्हता. याला डेबिट फ्रीझ म्हणतात. पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत. हे कळेपर्यंत एका मुंजीचा आणि एका बारशाचा ॲडव्हान्सही त्याच खात्यात येऊन अडकला. म्हणून असं काही झालं तर सगळ्यात आधी गिऱ्हाइकांना दुसऱ्या खात्याचा नंबर द्या, बँकेत नंतर जा.

आता बँक.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सायबरचा होल्ड आहे, साहेबांना भेटा." साहेब म्हणाले, "आमच्या हातात काही नाही, सायबर पोलिसांकडे जा." कुठल्या? "ते आम्हाला दिसत नाही." किती रकमेसाठी? "ते सांगता येत नाही." लेखी द्या. "लेखी देत नाही." मग ते मिस्टरांचं वाक्य. माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, तेव्हा ते बहुतेक सिंगापूरजवळ कुठेतरी होते. त्यांना काय समजावणार होते देव जाणे.

आमच्या इथल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथले हवालदार बरे होते, पण म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर आमच्याकडे काही नाही. ही तक्रार बाहेरच्या राज्यातली असणार. बँकेकडून अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर घेऊन या." परत बँक. साहेब जेवायला. नंतर साहेब मीटिंगमध्ये. नंतर साहेब बदली रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेले म्हणे, "ही केस साहेबच बघतात." असं बराच काळ चाललं. मी समोरच्या सोफ्यावर बसून असायची. कॅमेऱ्याचा व्यवहार ज्या सोफ्यावर झाला, तोच सोफा. एकदा नव्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही खरंच कॅमेरा विकला याला पुरावा काय?" मी म्हटलं, "तुमचा तो वरचा कॅमेरा. फुटेज काढा, मी तिथेच बसलेली दिसेन." फुटेज कोणी काढलं नाही, पण त्या दिवसापासून मला पाणी विचारायला लागले.

मधल्या काळात मी स्वतःच शोधलं की हे नक्की चालतं कसं. कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली की तो 1930 वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. त्या तक्रारीला एक नंबर मिळतो, हवालदारांनी मागितलेला अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर तो हाच. मग पैसा ज्या खात्यात गेला तिथे होल्ड, तिथून पुढे ज्या खात्यात गेला तिथे होल्ड, अशी साखळी पकडत जातात. पोलीस प्रत्येक पायरीला लेअर म्हणतात. ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी ही सोय उत्तमच आहे, वेळेत फोन केला तर पैसे वाटेत अडतात. पण चोराने त्या पैशांतून कोणाचं बिल भागवलं, त्याने पुढे दुधाचे पैसे दिले, तर दूधवालाही साखळीत येतो. मी तशीच आले. त्या बदलापूरच्या मुलाला एका एडिटिंगच्या कामाचे पैसे भलत्याच कोणाच्या तरी खात्यातून आले होते, आणि ते खातं फसवणुकीतलं होतं. त्याचंही खातं बंद पडलं होतं. मी फोन केला तेव्हा बिचारा माझ्यापेक्षा घाबरलेला. त्याने आपल्या कामाचे चॅट, आधारची प्रत, सगळं मला पाठवलं. त्याला दोष द्यावा असं काही नव्हतं.

शेवटी मी शाखेचा नाद सोडला. प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर तक्रारींसाठी नोडल अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असतो. तिथे लिहिलं. चारच गोष्टी मागितल्या: तक्रारीचा अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर, कुठल्या राज्याचं कुठलं ठाणं, वादातली रक्कम किती, आणि कुठला व्यवहार. उत्तर आलं. परराज्यातल्या एका जिल्ह्याचं सायबर ठाणं, आणि वादातली रक्कम 11,500 रुपये! साडेअकरा हजारांसाठी माझं अख्खं खातं बंद होतं.

यावर दुसरं पत्र लिहिलं. पोलिसांना मालमत्ता जप्त करायचा अधिकार नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे (1 जुलै 2024 च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102 होतं). पण वाद जेवढ्या रकमेचा, तेवढीच अडवावी, उरलेलं खातं चालू द्यावं, असं केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलेलं आहे. तो उतारा जोडून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "हे केरळचं आहे." मी म्हटलं, "होल्ड पण महाराष्ट्राचा नाहीये." बाजूच्या टेबलावरची मुलगी मान खाली घालून हसत होती. माझं पत्र मात्र शिक्का मारून घेतलं गेलं. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका, आणि पोच मिळाली की तोच कागद नोडल अधिकाऱ्याला मेल करा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट, ऑनलाइन. चौकशीचा नंबर 14448. त्या पत्राच्या शेवटच्या ओळीत मी लोकपालाचा उल्लेख केला होता. त्याचा असर कायद्याच्या कलमापेक्षा जास्त झाला असं माझं मत आहे.

पोलिसांचा भाग, ज्याची मला सगळ्यात धास्ती होती, तो सोपा गेला. ठाण्याचा नंबर आणि ईमेल त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत वेबसाइटवरून घेतला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण "खातं अनफ्रीझ करून देतो" म्हणणाऱ्यांची वेगळीच टोळी असते, मलाही एकाचा फोन आला, "सायबर सेल से बोल रहा हूँ, फीस लगेगी." पोलीस फी घेत नाहीत. मेलचा पत्ता gov.in किंवा nic.in ने संपतो का ते बघा. खरे तपास अधिकारी फोनवर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सामान बेचा था तो रसीद होगी?"

रसीद! मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांना पाठवलेल्या फाइलमध्ये होतं ते असं: मूळ खरेदीचं बिल, विक्रीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मुलाशी झालेलं सगळं चॅट, त्या व्यवहाराखाली रेघ मारलेलं खात्याचं स्टेटमेंट, आणि माझं आधार, मधले आकडे झाकलेलं. वर एक पानाचं साधं पत्र, तारीखवार. अधिकारी म्हणाले की बहुतेक लोक "साहब मैंने कुछ नहीं किया" एवढंच लिहून पाठवतात. थोड्या दिवसांनी त्यांनी हरकत नसल्याचा मेल बँकेला पाठवला आणि मला त्याची प्रत. बँक म्हणाली, "आम्हाला आलेला नाही." मी ती प्रत दाखवली. मग तो "मुख्य कार्यालयात लीगलकडे" होता. तिथून तो डोंबिवलीला यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात परराज्यातल्या पोलिसांनी माझी बाजू ऐकून, तपासून, निकालात काढली होती.

खातं उघडलं तेव्हा साहेबांनी "अभिनंदन" म्हटलं. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता मी जुन्या सामानाच्या विक्रीसाठी वेगळं खातं ठेवलंय. त्यात दुसरं काही येत नाही, त्यातून हप्ता जात नाही. अडकलं तर तेवढंच अडकेल. समोर उभा आहे त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे घ्यायचे, "भावाच्या नंबरवरून टाकतो" म्हणाला तर नको म्हणायचं, हे मी आधीपासूनच पाळते आणि तेही सोडू नका. फसवायची एक जुनी रीत अशीच आहे: भलत्याच माणसाला गंडवून त्याच्याकडून तुमच्या खात्यात पैसे टाकायला लावतात आणि वस्तू घेऊन पसार होतात. "पैसे जमा" असा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. स्क्रीनशॉटला तर काहीच किंमत नाही.

विकत घ्यायचं म्हणाल तर मी मिररलेस बॉडी मुंबईच्या बोरा बाजारातल्या दुकानातून घेतली, सेकंड हँडच, पण बिलासकट. ऑनलाइनपेक्षा थोडी महाग पडली. मला त्या काळात आणखी एका अनोळखी खात्याशी संबंध नको होता. जुना मोबाइल घेणार असाल तर *#06# दाबून आयएमईआय (त्या मोबाइलचा ओळख नंबर) काढा आणि KYM लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. विक्रेत्यासमोर करा, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

परत गेलेल्या हप्त्याचा दंड अजून मिळालेला नाही. त्याची तक्रार लोकपालाकडे टाकली आहे. साहेबांना त्याची प्रत नेऊन दिली, पोच घेऊन.

आणि हो, पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. तपास अधिकाऱ्यांनी ती यूटीआरच्या वेळेशी ताडून बघितली होती.