हिमनदीवरून स्की करत उतरायचंय? आपली तयारी अशी तपासा

गाइडबरोबर हिमनदीवरच्या ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या स्की-वाटांबाहेरच्या, उतरणीला जायचं मनात आलं, की "मला जमेल का?" हा प्रश्न येतोच. उत्तर शोधताना आपण नकळत आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांसमोर आणतो. सकाळची वेळ, मशीनने नुकताच सपाट केलेला उतार, लख्ख ऊन, ताजे पाय. हिमनदीवर मात्र कस लागतो तो चौथ्या तासाला. मांड्या भरून आलेल्या असतात, वरचा थर कडक आणि खाली भुसभुशीत असतो, आणि गाइड सांगतो, "माझ्या मागूनच या, उजवीकडे जाऊ नका." त्या वेळी तुमचं वळण कसं बसतं, त्यावरून तयारी ठरवावी.

फ्रान्समधल्या शामोनी गावची व्हॅली ब्लांश डोळ्यांसमोर ठेवू, कारण या प्रकारातली सगळ्यात प्रसिद्ध उतरण तीच. केबल कार १०३५ मीटरवरून एग्वी द्यू मिदीला नेते. वरचं टोक ३८४२ मीटरवर आहे आणि प्रवास साधारण वीस मिनिटांचा. तिथून मेर द ग्लास हिमनदीवरून सुमारे २० किलोमीटरची उतरण आहे. खाली गावापर्यंत बर्फ टिकलेला असेल तर एकूण उतार २७०० मीटरहून जास्त भरतो. या वाटेवर मशीन फिरत नाही, वाट दाखवणारे खांब नसतात, आणि मध्येच थकलात तर बसायला लिफ्ट नसते. नेहमीच्या वाटेचा उतार तसा सौम्य आहे, म्हणूनच "सोपी आहे हो" असं सर्रास ऐकू येतं. उतारापुरतं ते खरंही आहे. पण ही वाट कठीण होते ती लांबीमुळे, उंचीमुळे, बर्फाच्या लहरीपणामुळे आणि पायाखालच्या भेगांमुळे.

आता स्वतःची परीक्षा. लाल रंगाच्या, म्हणजे मध्यम-कठीण, पिस्टवर (आखलेल्या स्की-वाटेवर) पाचशे मीटर उंची एका दमात उतरून बघा, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळण) घेत, वेग स्वतःच्या हातात ठेवून. जमलं तर तेच दिवसाच्या शेवटच्या तासात, पाय थकलेले असताना करा. दोन्ही वेळच्या वळणांत फार फरक पडत असेल, तर अडचण तंत्रापेक्षा दमाची आहे, आणि दम दोन महिन्यांत वाढवता येतो. थकल्यावर जोर मागे टाचांवर जात असेल आणि स्कीची टोकं हवेत उठत असतील, तर आधी तेवढंच सुधारा. मागे झुकलेल्या माणसाच्या मांड्या दर वळणाला खुर्चीविना बसल्यासारख्या ताणल्या जातात, आणि भुसभुशीत बर्फात स्की वळतच नाही.

मग पिस्टच्या कडेला, मशीन न फिरलेल्या बर्फात उतरा. सुंदर दिसलं नाही तरी चालेल. सलग वीस वळणं घेता यावीत आणि हव्या त्या जागी थांबता यावं, एवढं पुरे. पडलात तर घड्याळ लावा. खोल बर्फात पडून, स्की शोधून, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ झाडून, बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या बाइंडिंगमध्ये पाय परत बसवायला किती वेळ लागतो? तीन मिनिटं धरली आणि दिवसभरात दहा वेळा पडलात, तर सरळ अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ पूर्ण गट तुमच्यासाठी उभा. दुपारच्या उन्हात भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ होत जातात, म्हणून हा अर्धा तास वाटतो त्याहून महाग पडतो. उतारावर स्की घालताना ती उताराला आडवी ठेवायची आणि आधी खालच्या बाजूची घालायची. ही साधी गोष्ट आधी शंभरदा करून पाहिलेली नसली, तर तिथे माणूस हमखास गडबडतो.

साइडस्लिपकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते हिमनदीवर सगळ्यात उपयोगी कौशल्य हेच आहे. स्की उताराला आडवी ठेवून, कडा किंचित सैल करत सरळ खाली घसरायचं आणि कडा रोवून थांबायचं. दोन स्की-लांबीएवढ्या रुंद पट्ट्यात पन्नास मीटर खाली या, आधी उजव्या अंगाने, मग डाव्या. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. भेगांमधल्या अरुंद वाटेत वळायला जागा नसते, आणि नेमकी कच्ची बाजूच वापरावी लागते. त्याच जोडीला, उंची न गमावता आडवं जाणं आणि उभ्या जागी किक टर्न घेऊन दिशा बदलणं हेही पक्कं असू द्या. व्हॅली ब्लांशवर झेआँच्या सेरॅकजवळ, म्हणजे हिमनदी फुटून बर्फाचे प्रचंड ठोकळे उभे राहतात तिथे, उतार वाढतो आणि आधी गेलेल्यांच्या स्कींमुळे उंचवटे तयार होतात. अशा उंचवट्यांवर, म्हणजे मोगलवर, कधीच स्की केली नसेल, तर तो टप्पा फार जड जातो.

स्नोबोर्ड चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: हिमनदीच्या खालच्या भागात लांबच लांब सपाटी आहे. स्कीवाले काठ्यांनी ढकलत पुढे निघून जातात. बोर्डवाल्यांना वेग आधीपासून राखून ठेवावा लागतो, आणि बोर्ड काढून चालणं हा पर्याय तिथे धरायचा नसतो.

याचं कारण समजून घ्यायला हवं. हिमनदी वाहते, वाहताना ताण पडून फाटते, आणि वरचा ताजा बर्फ त्या फटी झाकून टाकतो. स्की तुमचं वजन लांब पट्ट्यावर पसरवते. स्की काढून उभे राहिलात की तेच वजन बुटाएवढ्या जागेवर येतं आणि पूल खचू शकतो. म्हणून फोटोसाठी असो, लघवीसाठी असो वा स्की घट्ट करण्यासाठी असो, गाइडने जागा दाखवल्याशिवाय स्की काढायची नाही. थांबायचं ते गाइड थांबला आहे त्याच्या वरच्या अंगाला, त्याला ओलांडून पुढे कधीच नाही. "ते शेजारचं कोरं बर्फ किती छान दिसतंय" हा मोह ज्याला आवरत नाही, तो कितीही तरबेज असला तरी या उतरणीला तयार नाही. गाइडच्या खुणेमागे शिस्तीने जाणारा मध्यम दर्जाचा स्कीअर मला केव्हाही जास्त तयार वाटतो.

हार्नेस, म्हणजे कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, याच भेगांसाठी असतो. उतरताना बहुतेक वेळ कोणी दोराने बांधलेलं नसतं. भेगेत पडलात तर गाइड दोर खाली सोडतो, आणि तो अडकवायला अंगावर हार्नेसच नसेल तर सुटकेला फार वेळ लागतो. तो पॅन्टवर, कंबरेच्या हाडाच्या वर घट्ट बसवा, आणि पुढचा लूप जॅकेटखाली दडपला जाऊ देऊ नका. जाड हातमोजे घालून तो लूप हाताला लागतो का, हे आदल्या दिवशीच बघा.

बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही हवीत, आणि ती वापरताही यायला हवीत. बीकन बाहेरच्या जॅकेटच्या आत, अंगावर. निघताना सुरू केलेला बीकन खाली पोहोचेपर्यंत बंद करायचा नाही. मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५० सेंटिमीटर, नाहीतर सिग्नल बिघडतो. प्रोब २४० सेंटिमीटर किंवा लांब, फावडं धातूचं. प्लॅस्टिकचं पातं हिमस्खलनाच्या घट्ट झालेल्या बर्फात चालत नाही. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. गाइड स्वतःच गाडला गेला तर शोधणारे तुम्हीच. दोन-तीनदा बीकन पुरून शोधण्याचा सराव झालेला नसेल, तर तुमची तयारी अपुरी आहे.

उंचीचा अंदाज फार जणांचा चुकतो. ३८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो, आणि केबल कार तुम्हाला तिथे काही मिनिटांत सोडते. पायऱ्या चढताना धाप लागणं साहजिक आहे. डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर ते ताबडतोब गाइडला सांगा. आदल्या दोन-तीन दिवसांत दोन-अडीच हजार मीटरच्या वर स्की केलेली असेल तर बरंच सुसह्य होतं. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली धास्ती बसते ती स्की घालण्याआधीच. केबल कारच्या वरच्या स्थानकातल्या बोगद्यातून बाहेर पडलं की बर्फाची अरुंद धार उतरावी लागते, दोन्ही बाजूंना खोल उतार. हंगामात तिथे दोर लावलेले असतात आणि गाइड गटाला दोराने बांधून घेतो. बऱ्याचदा बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे तळाला बांधायचे धातूचे दात, लागतात. स्की-बूट घालून टणक बर्फावरून उतारावर चालण्याचा सराव आधी करा: बकल सैल, पाय थोडे फाकलेले म्हणजे क्रॅम्पॉनचे दात दुसऱ्या पायाच्या पॅन्टमध्ये अडकत नाहीत, पावलं छोटी. स्की पाठपिशवीला बांधायलाही घरीच शिका, तिथल्या वाऱ्यात पट्ट्या शोधत बसणं वाईट. धार पाहून पाय लटपटले तर तिथूनच केबल कारने खाली परतता येतं. धार उतरून गेल्यावर मात्र मागे फिरायचं तर तीच चढावी लागते.

शेवटचा टप्पा दरवर्षी बदलतो आहे. हिमनदीच्या वरच्या काठावरच्या मोंतांवेर रेल्वे स्थानकाखाली हिमनदीचा पृष्ठभाग गेल्या काही दशकांत शंभर मीटरहून जास्त खचला आहे, आणि तिथून वर येण्यासाठी २०२४ साली नवी केबल कार सुरू झाली. तिथून रेल्वेने शामोनी. गावापर्यंत स्कीने जायचं तर बर्फ पुरेसा हवा, आणि मध्ये मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर, स्की खांद्यावर घेऊन थोडी चढण चढावी लागते. म्हणून खाली पोहोचल्यावर शेवटच्या गाडीची वेळ आठवण्यापेक्षा ती सकाळीच विचारून ठेवा.

गाइडशी बोलताना "मी चांगली स्की करतो" असं मोघम सांगू नका. गेल्या दोन हंगामांत किती दिवस, कोणत्या रंगाच्या पिस्टवर, ऑफ-पिस्ट कितीदा, कोणती बाजू कच्ची, गुडघ्याची जुनी दुखापत आहे का, हे नेमकं सांगा. यूआयएजीएमचा (पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) बिल्ला असलेला गाइड त्यावरून वाट निवडतो किंवा आधी एक दिवस सोप्या ऑफ-पिस्टवर नेऊन बघतो. तो दिवस त्याने सुचवला तर आनंदाने घ्या. हिमस्खलनाच्या पाच पातळ्यांच्या पट्टीवर ३ हा आकडा मधला म्हणून निवांत वाटतो, पण त्या पातळीवर एकट्या माणसाच्या वजनानेही अनेक उतारांवर बर्फाचा थर सुटू शकतो. त्या दिवशी गाइडने वाट बदलली किंवा धुक्यामुळे बेत रद्द केला, तर दुसऱ्या कोणत्या दिवशी मोकळे आहात ते त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे आजच जायचं असा दबाव त्याच्यावरही राहत नाही आणि तुमच्यावरही.